नॉन-मूव्हिंग : नोकरभरती करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
नोकरभरतीचे निर्णय घेणारे सर्व मनुष्यबळ अधिकारी व विभागप्रमुख, आणि अर्ज चाळणारी सॉफ्टवेअर त्यांना पुरवणारे सर्व जण यांस,

स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी एक जाहिरात वाचली. खरेदी विभागात वरिष्ठ पद. पंधरा वर्षांचा अनुभव हवा, परदेशी पुरवठादारांशी व्यवहार केलेला हवा, करारांची बोलणी करता यायला हवीत. वाचत गेले तशी सरसावून बसले, कारण एकेक ओळ माझ्याच बायोडेटावरून उचलल्यासारखी होती. शेवटची ओळ जाड ठशात होती : ‘सध्या नोकरीत असलेल्या उमेदवारांनीच अर्ज करावा.’

मी तरीही अर्ज केला. फॉर्मवर ‘सध्याची कंपनी’ असा रकाना होता आणि त्याच्यापुढे लाल चांदणी. रिकामा सोडला तर पुढचं पान उघडेना. ‘नाही’ असं लिहिलं, तर खाली उमटलं : कृपया योग्य नाव भरा. शेवटी आधीच्या कंपनीचं नाव टाकलं आणि ‘पर्यंत’च्या रकान्यात एकोणीस महिन्यांपूर्वीची तारीख. त्याखाली ‘नोटीस पिरिअड’ : तीस दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस, यांतला एक निवडा. शून्य दिवस हा पर्यायच नव्हता. उद्या सकाळी येऊन खुर्चीत बसू शकणारं माणूसही अर्ज करू शकतं, हे तो फॉर्म बनवणाऱ्याच्या मनात आलंच नसावं. मी तीस निवडलं.

नकार अकरा मिनिटांत आला. ‘आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केल्यानंतर...’ रात्री पावणेबाराला, अकरा मिनिटांत, माझ्या सतरा वर्षांचा ज्याने कुणी काळजीपूर्वक विचार केला, त्याचे आभार.

त्या कंपनीचं नाव मी घेणार नाही. तिने निदान ती ओळ छापली. तुमच्यापैकी बरेच जण न छापता पाळतात.

मी कोण, ते थोडक्यात. सतरा वर्षं खरेदी विभागात काढली : कोटेशन मागवणं, तुलनातक्ते करणं, पुरवठादारांशी घासाघीस, उशिरा आलेल्या मालासाठी फोनवर भांडणं. कंपनीने दोन ठिकाणचे खरेदी विभाग एक केले तेव्हा आम्ही नऊ जण जास्तीचे ठरलो. कामाबद्दल काहीही तक्रार नाही असं लेखी पत्र हातात ठेवून निरोप दिला. त्या पत्राचा आजवर उपयोग झालेला नाही, कारण ते बाहेर काढायची वेळ येईपर्यंत समोरचा थांबतच नाही.

खरेदीवाल्यांना नोंदी ठेवायची खोड असते, मीही ठेवल्या. एकोणीस महिन्यांत २१२ अर्ज. त्यांपैकी १५४ ठिकाणांहून अक्षरही नाही. उरलेली ५८ उत्तरं, बहुतेक यंत्राने धाडलेली. मुलाखती ११. आता हाच हिशोब जरा फोडून बघा. पहिल्या सहा महिन्यांत ६० अर्ज केले आणि ८ मुलाखती झाल्या. पुढच्या तेरा महिन्यांत १५२ अर्ज केले आणि ३ झाल्या. बायोडेटा तोच, अनुभव तोच, अर्जाची भाषा तर सरावाने सुधारलेली. वाढलं ते फक्त शेवटच्या नोकरीच्या तारखेपासूनचं अंतर.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार या अंतराबद्दल आहे.

गोदाम सांभाळणाऱ्या कुणालाही ‘नॉन-मूव्हिंग’ म्हणजे काय ते विचारा. ठरावीक काळात जो माल कुणी उचलला नाही त्याची वेगळी यादी निघते. माल खराब असतोच असं नाही. डिझाइन बदललेलं असतं, ज्या यंत्रासाठी मागवला ते बंद पडलेलं असतं, कुणीतरी दुप्पट ऑर्डर दिलेली असते. पण एकदा त्या यादीत नाव गेलं की गंमत सुरू होते. अगदी त्याच मापाचा बोल्ट हवा असला तरी माणूस त्या रॅककडे फिरकत नाही, नवीन मागवतो. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, “एवढे दिवस पडून आहे, काहीतरी असणारच.” कुणी उचलला नाही म्हणून पडून राहिला, आणि पडून राहिला म्हणून कुणी उचलत नाही. अशा रॅकवरची धूळ झटकून, माल कॅलिपरने मोजून मी शेकडो नग पुन्हा वापरात आणले आहेत. खोक्यात बसून पोलादी बोल्टाचं माप कमी होत नाही.

माझ्या बायोडेटावर तुम्हाला जो ‘गॅप’ दिसतो तो मी एकटीने केलेला नाही. पहिले दोन-तीन महिने माझे धरा. बाकीचा तुम्ही सर्वांनी मिळून घडवला आहे. एकाच्या उत्तराची वाट बघण्यात तीन आठवडे जातात, ते त्यात जमा होतात. मग दुसरा कुणी ती बेरीज बघतो, ‘इतक्या जणांनी घेतलं नाही, म्हणजे बघायला हवं’ असं म्हणतो आणि न बघताच आपलेही तीन आठवडे त्यात टाकतो. प्रत्येकाला वाटतं की आपण उमेदवाराबद्दल काहीतरी हेरलं. हेरलेलं असतं ते आधीच्या माणसाचं मत, आणि त्यानेही ते त्याच्या आधीच्याकडून घेतलेलं.

हे नुसतं माझं रडगाणं वाटत असेल, तर कोरी क्रॉफ्ट, फेबियन लांगे आणि मॅथ्यू नोटोविडिग्डो या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. अमेरिकेतल्या शंभर शहरांतल्या सुमारे ३,००० जाहिरातींना त्यांनी सुमारे १२,००० काल्पनिक बायोडेटा पाठवले आणि कोण किती महिने बेकार आहे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. बेकारीचा काळ लांबला तशी बोलावणी कमी झाली, आणि बहुतेक घसरण पहिल्या आठ महिन्यांतच उरकली. इथे लक्षात घ्या, उमेदवार खोटे होते. ज्याचं कौशल्य गंजावं असा माणूस त्या कागदामागे नव्हताच. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे जिथे नोकऱ्या मुबलक होत्या तिथे हा फटका जास्त बसला, मंदी होती तिथे कमी. म्हणजे मालक मनाशी अर्थ लावत होते : सगळीकडेच काम नाही तर हा तरी काय करणार, पण इथे काम मिळतंय तरी हा बसून आहे, म्हणजे खोट यातच.

स्वीडनमधला २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला असाच एक प्रयोग मला आणखी उपयोगी वाटतो. पूर्वी कधीतरी बेकारी आली आणि नंतर काम मिळालं, अशा अर्जदाराचा तो जुना खंड मालकांनी मनावर घेतला नाही. नऊ महिने किंवा त्याहून जास्त चालू असलेली बेकारी मात्र कमी आणि मध्यम कौशल्याच्या कामांत नडली. कुणीतरी एकाने पहिल्यांदा घेतलं की डाग पुसला जातो. मग तो डाग होता कशाचा?

आता तर एवढा अर्थ लावायचेही कष्ट उरले नाहीत. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, पाहणी केलेल्या कंपन्यांपैकी जवळपास निम्म्या कंपन्यांत सहा महिन्यांपेक्षा मोठा खंड असलेला अर्ज चाळणीतच गळतो. का गळला, हे विचारायला माणूस मधे येतच नाही. आजारपण, बाळंतपण, घरातल्या कुणाची सेवा, बंद पडलेली कंपनी, सगळं एकाच मापाने.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हे पत्र लिहिण्याचा मला हक्क नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक सहायक घ्यायचा होता. ८३ बायोडेटा आले आणि ते बघायला मला एक दुपार मिळाली. मी काय केलं? ज्यांच्या तारखा सलग नव्हत्या ते आधी बाजूला काढले. एकेका कागदाला तीन-चार सेकंद लागले असतील. त्यांच्यात काही उणं आहे असं मला खरंच वाटत होतं का? नाही. गठ्ठा पातळ करायचा होता आणि ते कारण सगळ्यात सोपं होतं. बाजूला काढलेल्या कागदांत एकाने शेवटी हाताने लिहिलं होतं, ‘प्रत्यक्ष भेटीची संधी द्यावी.’ निळ्या शाईतली ती ओळ मला आजही दिसते. आवडीने आठवते असं नाही.

म्हणून तुम्ही दुष्ट आहात असं माझं म्हणणं नाही. तुमच्यापुढे गठ्ठा मोठा असतो आणि वेळ थोडा, हे मला माहीत आहे. पण सोय म्हणून वापरलेली चाळणी म्हणजे पारख, असं निदान म्हणू नका.

राहता राहिलं कौशल्य गंजण्याचं. काही अंशी ते खरं आहे. मी ज्या प्रणालीवर ऑर्डरी काढायचे तिची नवी आवृत्ती आली असेल, मला ती शिकायला दोन आठवडे लागतील. नोकरीतल्या माणसालाही लागतील. पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये वाहतूक धरली आहे की नाही, हे ओळखायला मात्र मला आजही एक मिनिट पुरतं. गंज आहे असं वाटत असेल तर घासून बघा. आम्ही माल तपासूनच नाकारायचो, पावतीवरची तारीख बघून नाही.

दुसरी तक्रार एका प्रश्नाबद्दल. “मधल्या काळात काय करत होतात?”

सातव्या मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी माझा बायोडेटा टेबलावर सपाट केला आणि तारखांवरून बोट खाली आणलं. एका जागी बोट थांबलं. तिथे त्यांनी पेनाने छोटं वर्तुळ काढलं, मग त्याच वर्तुळावरून आणखी दोनदा पेन फिरवलं. प्रश्न नंतर विचारला, आवाजही मऊ होता. पण मी त्या वर्तुळाकडेच बघत राहिले. तोवर आमचं दहा मिनिटं उत्तम चाललं होतं, पोलादाच्या भावांवर तर आमचं जवळपास भांडणच जुंपलं होतं. वर्तुळानंतर त्यांनी खरेदीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

खरं उत्तर काय द्यायचं? पहिले दोन महिने अर्ज केले. मग आईचं ऑपरेशन झालं, तिच्याजवळ अडीच महिने होते. मग पुन्हा अर्ज. एक ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा केला. आणि काही दिवस, खरं सांगायचं तर, काहीच केलं नाही. सकाळी मेल बघितली, दुपारी बघितली, संध्याकाळी बघितली, दिवस संपला. तुम्हाला हे उत्तर चालत नाही म्हणून आम्ही ‘स्वतंत्र सल्लागार’ वगैरे शब्द शोधतो. तुम्हालाही ते खोटे आहेत हे कळतं. दोन्ही बाजू मान डोलावतात. लिंक्डइनने २०२२ मध्ये प्रोफाइलवर करिअरमधला खंड नोंदवायची सोय केली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण रकाना दिला म्हणून तो वाचणाऱ्याची नजर बदलत नाही.

हे दिवस जातात कुठे, याचं उत्तर जवळपास शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. व्हिएन्नाजवळ मारिएंटाल नावाची वस्ती होती, एका कापड गिरणीवर जगणारी. १९२९-३० मध्ये गिरणी बंद झाली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल आणि त्यांचे सहकारी १९३१-३२ च्या सुमारास तिथे अभ्यासाला गेले. त्यांची अपेक्षा होती की रिकामा वेळ मिळाल्यावर लोक वाचतील, सभांना जातील, चळवळ करतील. झालं उलटंच. वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पुरुषांची रस्त्यावरची चाल मंदावली, चार पावलं टाकायची आणि थांबायचं. अभ्यासकांनी अक्षरशः घड्याळ लावून ते मोजलं. दिवसभर काय केलं हे लिहून द्या म्हटलं तर पुरुषांना धड लिहिता येईना. (बायकांचं तसं नव्हतं. त्यांची मिळकत गेली होती, घरकाम होतं तिथेच होतं. हे वाचताना मी एकटीच हसले.)

म्हणजे तुमचा प्रश्न नेमकं तेच विचारतो जे बेकारी हिरावून घेते. पाय मोडलेल्या माणसाला ‘मधल्या काळात किती चाललात?’ असं विचारून गुण द्यावेत, तसं हे आहे. विचारायचंच असेल तर असं विचारा : सोमवारी रुजू झालात तर पहिल्या महिन्यात तुम्हाला कशाची मदत लागेल? याचं उत्तर प्रामाणिक येईल आणि तुमच्या कामाचंही असेल.

तिसरी तक्रार, मौनाबद्दल. आमच्याकडे माल नाकारला की रिजेक्शन नोट काढावी लागायची. माप कमी, पृष्ठभागावर चरे, नग अपुरे, जे असेल ते कारण लिहायचं, सही करायची, प्रत पुरवठादाराला. कारणाचा रकाना कोरा असेल तर नोट पुढे सरकत नसे. चार नट परत पाठवतानासुद्धा हा नियम होता. ११ मुलाखतींपैकी ७ ठिकाणी मला ‘नाही’ एवढंही कुणी कळवलेलं नाही. ‘दोन दिवसांत कळवतो’ म्हणून गेलेले अजून दोन दिवसांतच आहेत. त्या दोन दिवसांत माणूस दुसरीकडे मन लावून अर्ज करू शकत नाही, फोन चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत जायला धजत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसावं, म्हणून सांगते. आणि कारण कळलं नाही तर सुधारायचं काय? तेराव्या महिन्यापासून मी माझ्या बायोडेटातला फॉन्ट बदलत बसले आहे.

चौथी तक्रार म्हणजे एक सापळा आहे. सगळे सांगतात, मिळेल ते काम कर, पण बसू नकोस. मी खालच्या पदांनाही अर्ज केले. उत्तर आलं, ‘आपली पात्रता या पदापेक्षा अधिक आहे.’ बरं, तात्पुरतं साधं काम मिळालंच, तर? २०१६ मध्ये हेन्री फार्बर, डॅन सिल्व्हरमन आणि टिल फॉन वाख्टर यांनी अमेरिकेत पदवीधर महिलांच्या नावाने कार्यालयीन कामांसाठी काल्पनिक अर्ज पाठवले. प्रामाणिकपणे सांगायला हवं की त्यांना बेकारीच्या काळाचा बोलावण्यांवर परिणाम दिसला नाही. सगळे प्रयोग एकच सूर लावत नाहीत. पण दोन गोष्टी नडलेल्या दिसल्या : पन्नाशीच्या पुढचं वय, आणि मधल्या काळात धरलेलं खालच्या दर्जाचं काम. म्हणजे बसलात तर एक बोट उठतं, हातपाय हलवलेत तर दुसरं. यात आम्ही नेमकं काय करावं अशी तुमची इच्छा आहे, ते एकदा लेखी कळवा.

पाचवी, फुकटच्या कामाची. एका ठिकाणी ‘असाइनमेंट’ म्हणून चाळीस वस्तूंच्या पुरवठादारांचा तुलनातक्ता करून मागितला. वस्तूंची नावं खरी होती, प्रमाणंही खरी वाटत होती. दोन दिवस बसून केला, कुठे बचत होईल तेही खुणा करून दिलं. मग मौन. तो तक्ता कुणाच्या तरी बैठकीत वापरला गेला असेल अशी मला दाट शंका आहे. सिद्ध करू शकत नाही, म्हणून पुढे काही लिहीत नाही.

ओळखीपाळखीचं तुमच्या हातात नाही, तरी जाता जाता सांगते. पहिल्या महिन्यात जुने सहकारी स्वतःहून फोन करायचे. सहाव्या महिन्यात मी करायचे, ते उचलायचे. आता मी फोन करण्याआधी कारण शोधते, म्हणजे नोकरीसाठीच केला असं वाटू नये. ज्यांची नावं संदर्भासाठी दिली होती त्यांतले दोघे स्वतः कंपनी सोडून गेले. ‘अलीकडच्या दोन वर्षांतले संदर्भ द्या’ असं तुम्ही लिहिता तेव्हा हे लक्षात घेत जा.

आणखी एक. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येप्रमाणे बेरोजगार कोण, तर ज्याला काम नाही, जो कामाला तयार आहे आणि जो काम शोधतो आहे. वर्ष उलटलं की तो बहुतेक देशांच्या हिशोबात ‘दीर्घकालीन’ होतो. अमेरिकेत २७ आठवड्यांतच. शोधणं थांबवलं की तो बेरोजगारांतून बाहेर पडतो. उद्या मी दमून अर्ज करणं सोडलं तर बेरोजगारीचा आकडा माझ्यापुरता सुधारेल. आकडा खाली आला की टाळ्या वाजवणाऱ्यांनी एवढं एकदा तपासावं, की त्या आकड्यातून गळलेला माणूस कामावर गेला की घरी बसला.

‘हे सगळं ठीक आहे, पण करता काय येतं?’ असं तुम्ही म्हणाल. करून पाहिलेलं बरंच आहे. ‘बेरोजगारांनी अर्ज करू नये’ अशा जाहिरातींना अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने २०११ मध्ये कायद्याने बंदी घातली. तो कायदा जाहिरातीपुरताच आहे, पण ओळ तरी गेली. न्यूयॉर्क शहराने २०१३ मध्ये पुढे जाऊन, सध्या नोकरी नाही एवढ्याच कारणावरून उमेदवाराला डावलणंच बेकायदा ठरवलं. २०१४ मध्ये व्हाइट हाउसच्या आवाहनावरून सुमारे ३०० कंपन्यांनी, दीर्घकाळ बेकार असलेल्यांना भरतीत अडथळे येऊ देणार नाही असं मान्य केलं. युरोपीय संघाने २०१६ मध्ये सदस्य देशांना शिफारस केली की बेकारीला अठरा महिने होण्याच्या आत प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून लेखी योजना ठरवावी. माझे एकोणीस झाले.

आणि ते मारिएंटाल ज्या गावात येतं, त्या ग्रामाटनॉयझीडलमध्ये ऑस्ट्रियाच्या सरकारी रोजगार सेवेने ऑक्टोबर २०२० मध्ये एक प्रकल्प सुरू केला. वर्षभराहून अधिक काळ बेकार असलेल्या गावातल्या प्रत्येकाला पगारी कामाची हमी, आधी थोडं प्रशिक्षण, सक्ती नाही. ऑक्सफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. गावातली दीर्घकालीन बेकारी जवळजवळ संपली आणि माणसांची मनःस्थिती, दिवसाची घडी, लोकांत मिसळणं, सगळं सुधारलेलं दिसलं. ज्या गावाने बेकारी माणसाचं काय करते ते दाखवलं, त्याच गावाने नव्वद वर्षांनी काम दिल्यावर काय होतं तेही दाखवलं. कुणाचाही ‘गॅप’ तिथे आड आला नाही.

तुम्ही सरकार नाही, हमी द्या असं मी म्हणत नाही. माझ्या मागण्या एका माणसाला एका दुपारी करता येण्यासारख्या आहेत.

सॉफ्टवेअरमधली खंडाच्या महिन्यांची चाळणी बंद करा. ती चालू आहे की नाही हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊकही नसेल. आज विचारून घ्या. ‘सध्या नोकरीत असलेल्यांनीच’ ही ओळ छापू नका, आणि न छापता पाळूही नका. ‘सध्याची कंपनी’समोरची लाल चांदणी काढा, नोटीस पिरिअडमध्ये शून्य दिवस घाला, हे काम दहा मिनिटांचं आहे. मुलाखतीला बोलावलेल्या प्रत्येकाला ठरलेल्या तारखेच्या आत हो किंवा नाही कळवा, आणि नाही असेल तर एका ओळीत कारण द्या. कामाचा नमुना हवा असेल तर मागा, जरूर मागा, पण तो दोन तासांत होणारा असावा. दोन दिवसांचा असेल तर त्याचे पैसे द्या. आणि दर भरतीत, अंतिम यादीत निदान एक नाव असं ठेवा की जो वर्षभर कामाबाहेर आहे. त्याला नोकरी द्याच असं नाही. इतरांना जी चाचणी देता ती त्यालाही द्या.

ज्यांनी अर्ज चाळणारी सॉफ्टवेअर बनवली त्यांना वेगळं एकच : ही चाळणी तुमच्याकडून येते तेव्हा ती आधीपासून चालू असते की बंद, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

हे पत्र मी माझ्या २१२ अर्जांतल्या, पत्ता सापडेल त्या प्रत्येक ठिकाणी पाठवते आहे. अनुक्रमांक २१३ च्या पुढे तारखेसहित नोंद केली आहे. उत्तर नकाराचं असलं तरी चालेल, फक्त कारणाचा रकाना कोरा सोडू नका.

आपली,
एक अर्जदार
अनुभव : खरेदी विभाग, १७ वर्षं
नोटीस पिरिअड : शून्य दिवस